इमारतीला पहारा, माणूस उघड्यावर

शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन २०१८ मध्ये वर्ध्यातले एक जोडपे पोलीस ठाण्यात गेले. तिथे झालेली बोलाचाली नवऱ्याने मोबाईलमध्ये टिपून घेतली. पोलिसांच्या ते लक्षात आले आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तोही १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली. हेरांसाठी, शत्रूला लष्करी नकाशे पुरवणाऱ्यांसाठी इंग्रज सरकारने केलेला कायदा शेजारच्या भांडणापर्यंत येऊन पोहोचला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये हा गुन्हा रद्द केला. कारण सरळ होते. ‘प्रतिबंधित ठिकाण’ कशाला म्हणायचे हे त्या कायद्यात नेमके लिहून ठेवले आहे आणि त्यात पोलीस ठाणे नाही. औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात हेच सांगितले.

निकाल योग्य लागला, पण चार वर्षांनी. तोवर त्या माणसाच्या नावापुढे हेरगिरीच्या कायद्यातले कलम लागून राहिले.

सार्वजनिक जागी कॅमेरा कुणी, कुठे, कुणावर रोखावा याबद्दलचा आपला सगळा गोंधळ या एका प्रकरणात दिसतो. इमारत, खाकी वर्दी आणि सरकारी खुर्ची यांना कॅमेऱ्यापासून वाचवायला आपली यंत्रणा तत्पर असते. रस्त्यावरच्या, घाटावरच्या, फलाटावरच्या माणसाला मात्र ती जवळपास वाऱ्यावर सोडते. हे नेमके उलट व्हायला हवे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे पाहताना कॅमेरा सर्वांत मोकळा असला पाहिजे आणि ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही त्याच्याकडे वळताना सर्वांत संयमी.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यावर, चौकात, समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून फोटो काढू नये असे सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात पाहणे, नोंदवणे आणि दाखवणे येते, आणि त्यावरचे निर्बंध वाजवी हवेत, कायद्याने घातलेले हवेत. एखाद्या रखवालदाराने हात आडवा केला म्हणून मनाई होत नाही. पाटी लावली म्हणूनही होत नाही. पाटीमागे कोणते कलम आहे, कोणत्या अधिकाऱ्याचा आदेश आहे, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. खासगी आवाराची गोष्ट वेगळी. मॉल, चित्रपटगृह किंवा देवस्थान आपल्या आवारासाठी नियम करू शकते आणि तो न पाळणाऱ्याला बाहेर जायला सांगू शकते.

इमारतींच्या बाबतीत आपला कायदा अनेक पुढारलेल्या देशांपेक्षा उदार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वास्तू हीसुद्धा कलाकृती आहे आणि तिच्यावर वास्तुरचनाकाराचा कॉपीराइट असतो. तरीही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार तिचे चित्र किंवा छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्यांनाही हीच मोकळीक लागू आहे. फ्रान्समध्ये असे नाही. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कुणीही कसाही वापरावा, पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि तिच्या फोटोचा व्यापारी वापर करायचा तर परवानगी लागते. २०१६ च्या कायद्याने तिथल्या सामान्य माणसाला थोडी सूट मिळाली, तीही बिनव्यापारी वापरापुरती. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसते तेवढेच मोकळेपणाने टिपता येते. व्हिएन्नातल्या हुंडर्टवासर या चित्रकाराच्या रंगीबेरंगी इमारतीचा फोटो समोरच्या घरातून, उंचावरून काढला होता. २००३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याला ही सूट नाकारली. ड्रोनने काढलेल्या फोटोंनाही ती मिळत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले.

मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली, तेव्हा आता गेटवेवर उभे राहून ताजचा फोटो काढायची चोरी झाली, असे अनेकांना वाटले. तसे काही झालेले नाही. दुसऱ्या कुणी आपला माल किंवा सेवा विकताना ती प्रतिमा स्वतःची खूण म्हणून वापरू नये, एवढ्यापुरता ट्रेडमार्क असतो. कुटुंबाचा फोटो, वर्तमानपत्रातले चित्र, शहरावरचे पुस्तक यांना त्याने अडत नाही.

काही मनाया मात्र पूर्णपणे योग्य आहेत, आणि त्यांचे कारण उघड सांगितलेले असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये आपल्या ताब्यातल्या स्मारकांत छायाचित्रणाला सरसकट परवानगी दिली आणि अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा व ताजमहालातला मुख्य मकबरा एवढे तीन अपवाद ठेवले. अजिंठ्याची भित्तिचित्रे दीड-दोन हजार वर्षांची आहेत. प्रखर प्रकाश आणि गर्दीच्या श्वासातला दमटपणा यांपासून त्यांना जपावे लागते. ज्या मनाईचे कारण लेण्यात पाऊल टाकताच डोळ्यांनी पटते, तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

तक्रार आहे ती ‘सुरक्षे’च्या नावाने लागणाऱ्या पाट्यांबद्दल. पूल, स्थानक, धरण, न्यायालय, सरकारी कचेरी, काहीही असो, ‘छायाचित्रण करण्यास सक्त मनाई’ ठरलेलीच. शासकीय गुपिते कायदा खरोखर काय म्हणतो ते पाहिले, तर यातल्या बऱ्याच पाट्या लंगड्या पडतात. शस्त्रागार, लष्करी तळ, युद्धसामग्रीचे कारखाने, सरकारी जहाजे व विमाने, तार आणि बिनतारी केंद्रे ही प्रतिबंधित ठिकाणे आहेत. इतर जागा सरकारने अधिसूचना काढून तशा जाहीर कराव्या लागतात. शिवाय हेरगिरीच्या कलमात हेतूला महत्त्व आहे. देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाध येईल असा हेतू असल्यावाचून तो गुन्हा होत नाही. १९३७ च्या विमान नियमांतल्या १३ व्या नियमाचीही अशीच कथा. विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीवाचून फोटो काढू नयेत, असे तो सांगत होता, आणि खिडकीतून ढग टिपणारे प्रवासी तो रोज मोडत होते. २०२० मध्ये एका अभिनेत्रीच्या चंदीगड-मुंबई प्रवासात विमानात कॅमेऱ्यांची झुंबड उडाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला खुलासा करावा लागला की, प्रवाशांनी आपल्या आसनावरून फोटो काढायला हरकत नाही. सगळेच मोडतात असा नियम पुस्तकात राहिला की तो हवा तेव्हा हव्या त्या माणसावर उगारता येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पुन्हापुन्हा मुंबईत आला आणि ताज, छत्रपती शिवाजी टर्मिनस, कुलाब्यातले ज्यूंचे केंद्र अशा जागांचे त्याने चित्रीकरण केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची आखणी त्या चित्रफितींवरून झाली. ज्या शहराने ते तीन दिवस भोगले, तिथल्या पोलिसाला कॅमेऱ्याचा संशय येणे समजण्यासारखे आहे. पण हेडली मुंबईत कार्यालय थाटून, व्यावसायिक म्हणून, पर्यटकासारखा वावरत होता. त्याला कोणत्या पाटीने थांबवले असते? त्याला थांबवू शकली असती ती गुप्तवार्ता, परदेशी यंत्रणांकडून वेळेवर मिळालेली माहिती. पाटी अडवते ती फक्त पाटी वाचून ऐकणाऱ्याला.

त्याच रात्री त्याच टर्मिनसमध्ये दुसराही एक कॅमेरा होता. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा गोळ्यांचा आवाज ऐकून रस्त्यापलीकडच्या कार्यालयातून स्थानकात शिरले. गाडीच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी हल्लेखोर कसाबचे बंदूक हातात असलेले छायाचित्र टिपले. ते छायाचित्र जगभर गेले आणि पुढे खटल्यात पुरावा ठरले. डिसूझांनी न्यायालयात येऊन साक्षही दिली. रेल्वे स्थानकात कॅमेरा बाळगणारा हा माणूस त्या रात्री शहराच्या सुरक्षेसाठी धोका नव्हता, आधार होता.

राज्यानेही एव्हाना आपली भूमिका बदललेली आहे, फक्त ती सामान्य माणसापर्यंत पोहोचलेली नाही. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू योजनेला २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून नकार मिळाला होता. २०२१ मध्ये नकाशांविषयीचे धोरण सैल झाले आणि २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या साथीने ती योजना दहा शहरांत सुरूही झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही महाराष्ट्रातली चार शहरे आहेत. आता घरबसल्या या शहरांतल्या कित्येक रस्त्यांचा इंच न् इंच पाहता येतो. अशा वेळी त्याच रस्त्यावर हातात कॅमेरा घेतलेल्या कॉलेजच्या मुलाला हटकण्यात कोणती सुरक्षा साधते?

इमारतींच्या संरक्षणासाठी एवढा जागता पहारा, आणि माणसासाठी काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, हेही त्या निकालातल्या मुख्य निकालपत्राने नोंदवले. तत्त्व उत्तम. पण ते रस्त्यावर अमलात आणायला हत्यारे कोणती, असे विचारले तर हाती फार थोडे लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागांचे चित्र चोरून टिपणाऱ्याला शिक्षा देते, मग जागा सार्वजनिक असो की खासगी. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७, म्हणजे आधीचे ३५४-सी, स्त्रीच्या ‘खासगी कृती’चे चित्रण गुन्हा ठरवते. पण त्यासाठी जागाही अशी हवी, की जिथे खासगीपणाची अपेक्षा रास्त ठरावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले की, घरासमोर उभ्या असलेल्या स्त्रीचे फोटो काढणे या कलमात बसत नाही. कायद्याच्या अक्षरांनुसार ते बरोबरच आहे. मग जिचे फोटो तिच्या मनाविरुद्ध काढले गेले, तिने काय करावे? दिवाणी दावा लावावा आणि तारखा मोजाव्यात.

ही फट किती मोठी आहे ते २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात दिसले. घाटावर आंघोळ करणाऱ्या स्त्रियांचे चोरून केलेले व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले गेले, त्यांचा बाजार मांडला गेला. उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे दाखल केले. पण घाट ही सगळ्यांच्या नजरेतली जागा आहे. श्रद्धेने नदीत उतरलेली बाई त्या जागी खासगीपणाची ‘रास्त अपेक्षा’ ठेवू शकते का, याचे स्पष्ट उत्तर कलम ७७ मध्ये नाही. शेकडो लोकांनी सहज पाहणे आणि एकाने लांब भिंगातून टिपून लाखोंना विकणे, यांतला फरक आपल्या कायद्याला अजून पकडता आलेला नाही. त्याच मेळ्यात रुद्राक्षाच्या माळा विकणारी मध्य प्रदेशातली एक किशोरवयीन मुलगी तिच्या डोळ्यांमुळे व्हायरल झाली. तिच्याभोवती मोबाईलधाऱ्यांची एवढी गर्दी जमू लागली की धंदा बंद पडला आणि तिला मेळा सोडून घरी परतावे लागले. पुढे तिला प्रसिद्धी मिळाली, कामेही मिळाली, हे खरे. पण माळा विकायला आलेल्या मुलीला त्या दिवशी कुणी काही विचारले नव्हते.

कॅमेऱ्याची किंमत कोण मोजतो, हे समजण्यासाठी आणखी एक उदाहरण. २००२ च्या गुजरात दंगलीत रॉयटर्सचे छायाचित्रकार अर्को दत्ता यांनी अहमदाबादमधल्या एका शिंप्याचा हात जोडून जीव वाचवण्याची याचना करणारा चेहरा टिपला. ते छायाचित्र काढायलाच हवे होते. त्याने देशाला जे दाखवले ते दिसणे गरजेचे होते. पण त्या माणसाला तो चेहरा घेऊन जगणे कठीण झाले. तो मालेगावला बहिणीकडे आला, तिथेही ओळख पटल्यावर हातचे काम गेले, पुढे काही काळ त्याला कोलकात्यात राहावे लागले. राजकीय प्रचारात त्याचे छायाचित्र वर्षानुवर्षे त्याला न विचारता फिरत राहिले. बातमीसाठी ते छायाचित्र काढणे आणि दहा वर्षांनी ते फलकावर छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत समाजाचे हित होते. दुसरीत फक्त छापणाऱ्याचे होते.

हा फरक काही देशांनी शतकभरापूर्वी ओळखला. जर्मनीत १८९८ मध्ये बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन छायाचित्रकार चोरवाटेने त्याच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. त्यातून उठलेल्या संतापाचा परिणाम म्हणून १९०७ चा कायदा झाला. कुणाचीही प्रतिमा प्रसिद्ध करायची तर त्याची संमती हवी, पण समकालीन इतिहासातल्या व्यक्ती, सभा-मिरवणुका आणि दृश्यात योगायोगाने आलेली माणसे यांना अपवाद, अशी त्याची रचना. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. तिचा फोटो न विचारता एका कला-नियतकालिकाने छापला होता. न्यायालयाने २,००० डॉलर भरपाई मंजूर केली.

मात्र हा मार्ग डोळे मिटून उचलू नये. प्रत्येक चेहऱ्यासाठी लेखी संमती मागितली तर रस्त्यावरचे छायाचित्रण संपेल. होमाई व्यारावाला यांनी टिपलेले दिल्लीतले स्वातंत्र्याचे दिवस, रघू राय यांनी १९८४ मध्ये भोपाळमध्ये टिपलेले अनामिक मुलाचे दफन, यांपैकी काहीच संमतीपत्र भरून झालेले नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर न विचारता टिपलेल्या एका वृद्ध ज्यू माणसाने छायाचित्रकारावर दावा केला होता. २००६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि कलेचे स्वातंत्र्य राखले. त्या माणसाच्या धार्मिक भावना दुखावल्या, तरीही. म्हणून संमतीचा प्रश्न फोटो काढताना नव्हे, तो वापरताना यावा. आणि तो विचारताना पाहावे की समोरचा कोण आहे, फोटो कशासाठी वापरला जातो आहे आणि त्याने कुणाचे किती नुकसान होते. धारावीत २००५ पासून पर्यटकांना हिंडवून आणणाऱ्या ‘रिॲलिटी टूर्स’ने फेरीत फोटो न काढण्याचा नियम स्वतःहून केला. तिथे काम करणारी माणसे प्रेक्षणीय वस्तू नाहीत, हे त्यांना कोणत्याही कलमाने शिकवलेले नव्हते.

सत्ताधाऱ्याचा कॅमेरा मात्र या सगळ्या चर्चेतून सुटतो. मुंबईत २०१६ मध्ये सुमारे पाच हजार सरकारी सीसीटीव्ही कॅमेरे रस्त्यांवर बसवले गेले आणि २६/११ नंतर ते लावण्याची गरज कुणी नाकारत नाही. पण हे चित्रण किती दिवस ठेवले जाते, कोण पाहते, चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेला ते जोडले जाते का, हे सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. हैदराबादमध्ये एका सामाजिक कार्यकर्त्याला २०२१ मध्ये रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून पोलिसांनी त्याचा फोटो काढला. त्यावरून चेहरा ओळखण्याच्या तंत्रज्ञानालाच आव्हान देणारी याचिका तेलंगण उच्च न्यायालयात गेली. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही इथे फारसा उपयोगी पडत नाही. सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने त्यातून वगळू शकते. पत्रकारितेसाठी आधीच्या मसुद्यांत असलेली सूट मात्र त्यातून गळली. म्हणजे पाहणारे सरकार सुटते आणि सरकारकडे पाहणारा अडकू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण साठवून ठेवण्याचा आदेश दिला, तो कोठडीतल्या छळाला आळा घालण्यासाठी. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०५ झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे करते. ठाण्यातले वागणे चित्रित होणे हे जनहिताचे आहे, हे तर आता कायद्यानेच मान्य केले. मग तेच काम तक्रारदाराने आपल्या मोबाईलवर केले तर तो गुन्हेगार कसा होतो?

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ज्या जागा खरोखर प्रतिबंधित आहेत त्यांची यादी राज्याने संकेतस्थळावर टाकावी. मनाईच्या प्रत्येक पाटीवर कलम आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद असावे, नसेल तर ती पाटी काढावी. कर्तव्यावरच्या लोकसेवकाचे, त्याच्या कामात आडवे न येता, चित्रण करणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे पोलीस महासंचालकांनी परिपत्रकाने कळवावे. ‘सरकारी कामात अडथळा’ ठरायला नुसता मोबाईल उंचावणे पुरेसे नाही, हेही त्यात असावे. मोबाईल हिसकावून फोटो पुसून टाकण्याचा अधिकार कुठलाच कायदा पोलिसाला देत नाही, उलट त्याने पुरावा नष्ट होऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, ओळखू येणाऱ्या सामान्य माणसाचा चेहरा जाहिरातीत, प्रचारात किंवा पैसे मिळवणाऱ्या वाहिनीवर त्याच्या संमतीवाचून वापरला, तर तो काढून टाकण्याचा आदेश देणारी आणि ठरावीक भरपाई देणारी झटपट व्यवस्था हवी. मुलांसाठी ती अधिक कडक असावी. बातमी, कला आणि गर्दीचे दृश्य यांना स्पष्ट अपवाद हवा.

या सगळ्याची पहिली कसोटी दूर नाही. २०२६-२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरणार आहे. गोदावरीच्या घाटांवर लाखो बायका स्नानाला येतील आणि प्रत्येक पायरीवर मोबाईल असतील. स्नानाच्या जागांवर चित्रणाची मर्यादा कुठे सुरू होते ते दाखवणाऱ्या, कलम लिहिलेल्या पाट्या तिथे लावता येतील. तक्रार आल्यापासून काही तासांत व्हिडिओ उतरवून घेणारे पथक नेमता येईल. बंदोबस्तावरच्या पोलिसांना आधीच सांगता येईल की, घाटावर लांब भिंग रोखलेल्या माणसाला अडवायचे आहे, चौकात पोलिसाची अरेरावी टिपणाऱ्या यात्रेकरूला नाही. यातल्या कशासाठीही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि मेळा प्राधिकरण यांच्या सध्याच्या अधिकारांत हे सगळे बसते.